संयमाचं वर्ष

डिसेंबरच्या शेवटच्या रविवारी, बाराला सात मिनिटं कमी असताना चष्मेवाल्यांनी तिसऱ्या क्रमांकाचा अल्बम चौथ्यावर नेला, चौथ्याचा तिसऱ्यावर आणला आणि ते उठून पाणी प्यायले. परत येऊन पाहिलं तर खाली गेलेला अल्बम हिरमुसल्यासारखा दिसत होता. त्यांनी तो पुन्हा वर घेतला.

"अहो, सकाळपासून अकरा वेळा उठलात," बायको स्वयंपाकघरातून म्हणाली. "एकदा काय ते बसा, नाहीतर उभेच राहा."

"बाराला जायला हवी."

"कुठे जायला हवी? कोणी दारात उभं आहे का तिची वाट बघत?"

ती म्हणजे यादी. चष्मेवाल्यांचं चष्म्याचं दुकान होतं. गिऱ्हाइकाचा एक डोळा झाकायचा, समोरच्या पाटीवरची अक्षरं वाचून घ्यायची, मग दुसरा झाकायचा, हा त्यांचा दिवसभराचा उद्योग. पण तो पोटापुरता. जन्माला आल्याचं खरं कारण म्हणजे यादी, असं त्यांना मनातून वाटे. वर्षभरात निघालेल्या अल्बमांतले उत्तम दहा, सुट्या गाण्यांतली उत्तम वीस, प्रत्येकावर चार ओळींचं टिपण आणि सर्वांत वर, वर्षाचं सार सांगणारं शीर्षक. गेली अठरा वर्षं ही यादी डिसेंबरच्या शेवटच्या रविवारी दुपारी बाराला चौदा जणांना जात आली होती. चौदांपैकी एकानेही ती मागितलेली नव्हती. पण इतक्या वर्षांत कोणी नकोही म्हटलेलं नव्हतं, आणि चष्मेवाले याला मागणी समजत.

यंदाचं शीर्षक होतं, 'संयमाचं वर्ष'. यंदा जगभरच्या गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांना एकाच वेळी शहाणपण सुचलं आहे, असं चष्मेवाल्यांचं निरीक्षण होतं. भरणा कमी झाला होता. जागा सोडायला लोक शिकले होते. सातव्या क्रमांकाचा पियानोवादक अख्खा अल्बम केवळ उजव्या हाताने वाजवत होता. तिसऱ्या क्रमांकावरचा बँडवाला शेवटच्या गाण्यात पूर्ण सव्वा मिनिट काहीच वाजवत नव्हता. आणि पहिला क्रमांक होता 'समोरासमोरच्या खिडक्या' या अल्बमचा. त्यावर त्यांनी लिहिलं होतं, "शीर्षकात खिडक्या दोन, पण आवाज एकटीचा. ती प्रश्न विचारते आणि थांबते. समोरून उत्तर येत नाही. न आलेल्या उत्तराला या गायिकेने जितकी जागा दिली, तितकी आजवर कोणी दिली नसेल." हे लिहिताना त्यांचे डोळे भरून आले होते. खोलीतल्या डाव्या स्पीकरच्या डब्यावर मांजर झोपलं होतं. तेही हल्ली गाणं सुरू असताना हलत नसे. पूर्वी पहिल्या ठोक्यालाच पळून जायचं. संयम जनावरालाही कळतो, असं एक वाक्य त्यांनी टिपणात घातलं होतं आणि मोठ्या कष्टाने खोडलं होतं.

बाराला यादी गेली आणि चष्मेवाल्यांची खरी तगमग सुरू झाली.

बाकीच्या तेरा जणांची त्यांना फिकीर नव्हती. दाताचा डॉक्टर नेहमीप्रमाणे वर केलेला अंगठा पाठवणार, मेहुणी 'सुंदर भाऊजी' म्हणणार. प्रश्न दाढींचा होता. दाढी म्हणजे त्यांचे जुने दोस्त. दाढी केव्हाच गेली होती, नाव तेवढं राहिलं होतं. छापखान्यात मशीनवर उभं राहून त्यांची नोकरी सरली होती. अठरा वर्षं ते यादीला मुद्देसूद उत्तर देत आले होते. "क्रमांक दोन: अमान्य. क्रमांक पाच: हा काय प्रकार आहे? क्रमांक नऊ: तुझी तब्येत बरी आहे ना?" मग दोघं चहाच्या टपरीवर भेटत, दाढी नेहमीची भिंतीलगतची डावीकडची खुर्ची पकडत, आणि फेब्रुवारीपर्यंत भांडण पुरे.

गेल्या वर्षी मात्र बिनसलं. चौथ्या क्रमांकाच्या गाण्यात मागे हलकासा दुसरा आवाज आहे, असं चष्मेवाल्यांनी लिहिलं होतं. दाढींनी कळवलं, नाही. आहे. नाही. आहे. शेवटी चष्मेवाल्यांनी चौदाच्या चौदा जणांना जाईल अशा बेताने लिहिलं, "दाढी, तू बहिरा आहेस का?" त्यावर दाढी चार महिने बोलले नाहीत. मग बोलले, पण हवापाण्याविषयी. हवापाणी हा दाढींचा विषय कधीच नव्हता. यंदाची यादी जुळवताना चष्मेवाल्यांच्या मनात एकच गोष्ट होती. दाढी भांडायला येतील का?

सव्वाबाराला उत्तर आलं. "सगळं मान्य. दहाही. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा तुला नीट ऐकू आलं."

चष्मेवाल्यांनी ते तीनदा वाचलं. मग चष्मा पुसून वाचलं.

"दाढीला बरं नाहीये," ते बायकोला म्हणाले.

"काय लिहिलंय?"

"मान्य म्हणतोय."

"मग बरंय की."

"सगळं मान्य म्हणतोय. दहाही."

बायको हात पुसत बाहेर आली. "भांडला तरी तुम्ही जेवत नाही, मान्य म्हणाला तरी जेवत नाही. मी पानं घेऊ की नको, तेवढं सांगा."

पानं घेतली गेली. जेवून चष्मेवाले आपल्या खुर्चीत बसले आणि मन थाऱ्यावर यावं म्हणून त्यांनी पहिल्या क्रमांकाचं गाणं लावलं. गायिकेने पहिला प्रश्न विचारला. ती थांबली. चष्मेवाल्यांनी डोळे मिटले. शेजारी कोचावर लेक कानाला हेडफोन लावून आडवी झाली होती. यादी आली की एक नंबरचं गाणं ऐकायचं, एवढं ती बापासाठी करी.

"बाबा, हा माणूस मस्त गातो," ती हेडफोन एका कानावरून सरकवत म्हणाली.

"कुठला माणूस?"

"हाच. तुमचा एक नंबर."

"एक नंबरला बाई आहे."

"बाई आहेच हो. बाई विचारते, माणूस उत्तर देतो. नवरा-बायको आहेत ना ते? गंमत आहे, बाई एका कानात, माणूस दुसऱ्या कानात."

चष्मेवाल्यांनी डोळे उघडले. आधी त्यांनी लेकीकडे पाहिलं, मग मांजराकडे. मग ते उठले, मांजराला दोन्ही हातांनी उचललं, कोचावर ठेवलं आणि डाव्या डब्याला कान लावला.

आत संयम होता. गच्च, गडद, अखंड संयम.

डब्यामागे हात घातल्यावर उलगडा झाला. फेब्रुवारीत घराला रंग दिला होता. रंगारी मोठा टापटिपीचा. त्याने डाव्या डब्याची वायर काढून तिची सुरेख गुंडाळी केली होती, वर गाठ मारली होती आणि जाता जाता तिच्या टोकाला भिंतीचाच बदामी रंगही लावला होता.

"म्हणजे हा बंद होता होय?" बायको म्हणाली. "मला वाटलं मांजरासाठी तुम्हीच बंद ठेवलाय. म्हटलं, एवढं तरी मन आहे."

"दहा महिने. आणि मला कळलं नाही."

"त्यात काय एवढं. एकाने भागत होतं ना?"

हे वाक्य चष्मेवाल्यांना झोंबलं, कारण ते त्यांच्याच दुकानातलं होतं. आठवड्यातून एक तरी गिऱ्हाईक असं येई, की ज्याचा एक डोळा वर्षानुवर्षं अधू असतो आणि त्याला पत्ता नसतो. चांगला डोळा झाकला की माणूस पाटीऐवजी भिंत वाचायला लागतो. "इतके दिवस लक्षात कसं आलं नाही हो?" असं चष्मेवाले दर वेळी जरा तुच्छतेने विचारत. आणि गिऱ्हाईक दर वेळी ओशाळून सांगे, "दुसऱ्याने भागत होतं."

वायर जोडून त्यांनी यादी पुन्हा ऐकायला घेतली. पियानोवाल्याला डावा हात होता, आणि तो चांगला दणकट होता. तिसऱ्या क्रमांकाचं सव्वा मिनिटाचं मौन म्हणजे अल्बममधला सर्वांत कर्कश्श गिटारचा तुकडा निघाला. आणि खिडकीतल्या बाईला समोरून उत्तर येत होतं. दर प्रश्नाला येत होतं. माणूस इतका बोलघेवडा होता, की बाईला दुसरा प्रश्न विचारायला सवड मिळते हेच नवल. मांजर पहिल्याच गाण्याला खोलीतून निघून गेलं.

संध्याकाळपर्यंत त्यांनी दुरुस्तीचं पत्र चार वेळा लिहिलं. "वाचकहो, एका तांत्रिक कारणाने" इथपर्यंत मजकूर येई आणि त्यांना दाढींचं 'सगळं मान्य' आठवे. वर्षभराने माणूस मोकळेपणाने बोलला, त्याला आता सांगायचं की तू ज्याला मान्य म्हणालास ते माझ्या रंगाऱ्याचं काम आहे? आणि न सांगावं, तर एकोणीस वर्षांच्या यादीत कायमचं एक खोटं पान. त्यांनी चारही पत्रं खोडली. मग फोन वाजला.

"भाऊजी, मंगळवारी तुमचं भाषण ठेवलंय," मेहुणी म्हणाली. ती संगीतप्रेमी मंडळाची कार्यवाह होती. "पाहुणे वक्ते आजारी पडलेत. मी अध्यक्षांना तुमची यादी वाचून दाखवली. ते न्यायाधीश होते ना, शांततेवर एकदम खूष. विषय 'संयमाचं वर्ष'. शेवटी एक नंबरचं गाणं सगळ्यांना ऐकवायचं."

"मंगळवारी मला जमणार नाही."

"का?"

"दुकान."

"मंगळवारी तुमचं दुकान बंद असतं. साठ जणांना निरोप गेलेत, भाऊजी. आणि सभागृहाचे स्पीकर नवीन आहेत. दोन मोठे उभे. टाचणी पडली तरी कळते."

चष्मेवाल्यांना तेच नको होतं.

सोमवारी दुकानात त्यांनी एका बाईंचा उजवा डोळा दोनदा तपासला आणि डावा तपासलाच नाही. एका गृहस्थांना चष्मा घालून 'आता ऐकू येतंय?' असं विचारलं. दुपारी दाताच्या डॉक्टरचा निरोप आला. त्याने एक नंबरचं गाणं दवाखान्यात लावलं होतं आणि खुर्चीतल्या पेशंटांनाही तो संयम फार भावला होता. पेशंटांच्या तोंडात त्या वेळी यंत्र होतं, ही गोष्ट त्याने लिहिली नव्हती. मग दाढींचा फोन.

"उद्या येतोय मी. पहिल्या रांगेत भिंतीकडची खुर्ची धर माझ्यासाठी."

"अरे, कशाला त्रास घेतोस. साधंच आहे काहीतरी."

"साधं कसं? त्या बाईचं गाणं मी रोज ऐकतो. हेडफोन लावून. इकडे टीव्ही असतो ना घरच्यांचा." तिकडे दार लोटल्याचा आवाज आला. "गेल्या वर्षी तू जे बोललास, ते लागलं होतं मला. पण यादी वाचली आणि म्हटलं, जाऊ दे. आपल्या दोघांना एकच ऐकू येतंय, बास झालं."

"दाढी, ऐक, त्या गाण्यात..."

"उद्या बोलू," म्हणून दाढींनी फोन ठेवला.

एक नंबरच्या गाण्यात रोज हेडफोन लावून दाढींना माणूस कसा ऐकू आला नाही, हा विचार चष्मेवाल्यांच्या मनाला शिवलासुद्धा नाही. मन तेव्हा वायरींच्या मागे लागलं होतं. माणूस डाव्या बाजूने गातो. सभागृहातला डावा स्पीकर बंद पडला, की माणूस नाही. माणूस नाही, की संयम आहे. कार्यक्रमाआधी दोन मिनिटं एकट्याला मिळाली पाहिजेत.

मंगळवारी ते अर्धा तास आधी पोचले. सभागृहाचा शिपाई खुर्च्या मांडत होता.

"साहेब, इतक्या लवकर?"

"आवाजाची जरा तपासणी करतो."

"मीच केली सकाळी. दोन्ही उत्तम आहेत."

"तेच पाहायचंय," चष्मेवाले म्हणाले आणि व्यासपीठावर चढले. समोर रिकाम्या खुर्च्या, दोन हातांना दोन स्पीकर, माणसाएवढे उंच. शिपायाची पाठ वळताच त्यांनी आपल्या डाव्या हाताच्या स्पीकरची वायर मागून उपटली आणि पडद्याआड सारली. मेंदू शांत होता, असं त्यांना वाटलं.

कार्यक्रम वेळेवर सुरू झाला. दाढी इस्त्रीचा सदरा घालून भिंतीला डावा खांदा लावून बसले होते. चष्मेवाले चाळीस मिनिटं बोलले आणि चांगलं बोलले. न उच्चारलेल्या शब्दाविषयी, सोडलेल्या जागेविषयी, एका खिडकीतल्या एकट्या बाईविषयी. साठ माणसं माना डोलावत होती. "आता तुम्ही तिलाच ऐका," असं म्हणून त्यांनी गाणं लावलं.

थोडा वेळ काहीच ऐकू आलं नाही. हा बाईच्या प्रश्नाचा वेळ होता. मग भरदार आवाजात माणूस गायला लागला.

चष्मेवाल्यांनी आपल्या डाव्या हाताकडे पाहिलं. व्यासपीठावर उभं राहून लोकांकडे तोंड केलं की आपला डावा हात लोकांच्या उजवीकडे येतो. रोज समोरच्या माणसाचे डोळे तपासणाऱ्याला, रोज त्याच्या उजव्याला 'हा तुमचा उजवा' म्हणून हात लावणाऱ्याला, आजच ते सुचलं नव्हतं. साडेचार मिनिटं माणूस न विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं देत राहिला. मध्ये थांबे, आणि पुन्हा 'हो' म्हणे. बाईचा मागमूस नव्हता.

गाणं संपलं. चष्मेवाले पडद्याकडे बघत होते. पळायला तिकडून वाट होती.

टाळ्या पडल्या. आधी एक, मग सभागृहभर. अध्यक्ष उठले. "मी आयुष्यभर बायकांची गाऱ्हाणी ऐकली," ते म्हणाले, "पण बाईचं एकटेपण बाईला एक अक्षरही गाऊ न देता दाखवायचं, हे धाडस मी प्रथमच पाहिलं. वक्त्यांनी सांगितलं नसतं, तर आपल्याला ती बाई ऐकूच आली नसती." मेहुणी डोळे टिपत होती. दाताचा डॉक्टर शेजाऱ्याला म्हणाला, "मी कालपासून ऐकतोय, दर वेळी नवीन काहीतरी सापडतं."

साठ माणसांत फक्त एक माणूस टाळ्या वाजवत नव्हता. दाढी खुर्चीच्या कडेवर पुढे सरकून बसले होते, आणि कपाळावर आठ्या होत्या.

बाहेर पायऱ्यांवर त्यांनी चष्मेवाल्यांना गाठलं. गाठलं, आणि सवयीने वळसा घालून त्यांच्या डाव्या अंगाला येऊन उभे राहिले.

"तो माणूस कोण?"

"कुठला?" चष्मेवाले उगाच म्हणाले.

"गायला तो. माझ्या गाण्यात तो नाही. माझ्या गाण्यात बाई आहे."

"दाढी, माझं चुकलं. घरचा डावा स्पीकर फेब्रुवारीपासून बंद होता. रंगाऱ्याने वायर काढली होती. मी वर्षभर अर्धंच ऐकलं. यादी सगळी खोटी आहे. तो माणूस पहिल्यापासून गातोय, डाव्या बाजूला."

चष्मेवाल्यांना पुढचं बोलायचं होतं, माफी मागायची होती, पण तोंड उघडतानाच त्यांच्यातला दुकानदार जागा झाला. स्पीकर आपला बंद होता. दाढींचे हेडफोन तर चालू होते. दोन्ही कानांना.

त्यांनी दाढींकडे पाहिलं. टपरीवरची भिंतीलगतची खुर्ची, पहिल्या रांगेतली भिंतीलगतची खुर्ची, आणि आत्ता घातलेला वळसा. इतक्या वर्षांत लक्षात कसं आलं नाही, असं त्यांना विचारायचं होतं. पण ते कोणाला विचारावं, हे ठरेना.

"कधीपासून?" ते म्हणाले.

"मशीन डाव्या हाताला होतं," दाढी म्हणाले. "सव्वीस वर्षं."

"बोलला नाहीस कधी."

"काय बोलायचं? एकाने भागत होतं. गेल्या वर्षी तू चौदा जणांना विचारलंस, बहिरा आहेस का. खरंच आहे म्हणून कळवायला हवं होतं का मी?"

समोरून सभागृहातली माणसं संयमाविषयी मोठमोठ्याने बोलत उतरत होती. चष्मेवाल्यांनी जिन्याच्या कठड्यावर दोनदा बोटं वाजवली.

"म्हणजे अठरा वर्षं तू माझ्याशी न ऐकलेल्या गोष्टींवरून भांडलास?"

"आणि यंदा तू न ऐकलेल्या गोष्टींची यादी केलीस. फिटंफाट."

"यादी दुरुस्त करून पाठवतो मी."

"नको. अध्यक्षांना धक्का बसेल." दाढी पहिल्यांदाच हसले. "मला एवढं सांग, तो माणूस बरा गातो का? की त्याची रिकामी जागाच बरी होती?"

चष्मेवाले थोडा विचार करून म्हणाले, "तूच ठरव. घरी गेलास की हेडफोन उलटे लाव. उजव्याचं डाव्याला, डाव्याचं उजव्याला."

दाढींनी त्यांच्याकडे असं बघितलं, की जणू ही सोय एखाद्या शहाण्या माणसाने सांगितली आहे आणि तो चष्मेवाला नसावा.

दुरुस्तीचं पत्र चष्मेवाल्यांनी तरीही बुधवारी सकाळी पाठवलं. राहवलं नाही. दाताच्या डॉक्टरने अंगठा पाठवला. मेहुणीने लिहिलं, "सुंदर भाऊजी." बाकी कोणाला फरक कळला असेल, असं वाटत नव्हतं. दाढींचं उत्तर आलं नाही. दुपारी आलं नाही, संध्याकाळी आलं नाही. चष्मेवाले उठत होते, बसत होते, पाणी पीत होते.

"आता काय झालं?" बायको म्हणाली.

"दाढी गप्प आहे."

"वर्षभर संयम संयम करत होतात ना. तोच असेल."

गुरुवारी सकाळी सात वाजता निरोप आला. "हेडफोन उलटे लावून ऐकलं," दाढींनी लिहिलं होतं. "गेल्या वर्षीची यादी, क्रमांक चार. दुसरा आवाज आहे. पण बेसूर आहे. तुला तो आवडलाच कसा? यंदाच्या यादीतला एकही नंबर आता मान्य नाही. सातव्याचा डावा हात सातव्याकडेच ठेव. आजपासून एकेक वर्ष मागे जातोय. अठरा याद्या आहेत, घाई नाही. पाचला टपरीवर ये."

चष्मेवाल्यांनी ते तीनदा वाचलं. मग दोन्ही स्पीकर सुरू करून क्रमांक चारचं गाणं लावलं, मांजर उठून गेलं त्याकडे लक्ष दिलं नाही, आणि बोटांनी चष्मा वर सारून लिहायला बसले. "बेसूर नाही. आता उजव्या कानाचंही बघायला हवं."

"पानं घेऊ?" बायकोने विचारलं.

"सकाळचे सात वाजलेत," चष्मेवाले म्हणाले.

"बघत होते, शुद्धीवर आहात का."